व्ह्यू सीएलआय ४, नोड २० आणि सास-लोडर: एक गाठ सोडवली की दुसरी बसते

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलाय. पण अपुरी माहिती दिली की पहिले प्रतिसाद "आवृत्ती कोणती?" विचारण्यातच जातात, म्हणून सगळंच लिहिते.

एक जुना प्रोजेक्ट माझ्याकडे आलाय. ऑफिसच्या आतल्या कामाचं अ‍ॅडमिन पॅनेल आहे. व्ह्यू २.६ (जावास्क्रिप्टमधलं फ्रेमवर्क), व्ह्यू सीएलआय ४.५ (त्याचं बिल्डचं साधन), म्हणजे खाली वेबपॅक ४ (सगळ्या फाईली जोडून ब्राउझरसाठी बंडल बनवणारं). स्टाईल सगळ्या एससीएसएसमध्ये (सीएसएसचं वाढीव रूप), त्याचं सीएसएस करायला नोड-सास ४.१४ आणि ते वेबपॅकला जोडायला सास-लोडर ८. आजवर बिल्ड नोड १४ वर (नोड म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) व्हायचं. आता बिल्ड सर्व्हरवरून नोड १४ काढणार आहेत आणि सगळ्यांनी नोड २० वर यायचं ठरलंय. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्यापैकी कुणी आता टीममध्ये नाही.

झालं ते असं. नोड २० टाकून एनपीएमने (नोडसोबत येणारं, पॅकेजेस आणणारं साधन) इन्स्टॉल केलं तर नोड-सासपाशी अडकलं. नोड-जिपच्या (सी++ पॅकेजेस बांधणारं साधन) पानभर ओळी, पायथन, सी++ कंपायलर वगैरे. नोड-सास आता बंद पडलंय, त्याऐवजी सास वापरा असं सगळीकडे लिहिलेलं दिसलं, म्हणून ते काढून सास आणि सास-लोडर दोन्ही नव्याने टाकायला गेले. तिथे ई-रिझॉल्व्ह आलं, म्हणजे पॅकेजेसच्या आवृत्त्या एकमेकांशी जुळत नाहीत अशी एरर. एररखालीच सुचवलेलं होतं म्हणून --लेगसी-पीअर-डेप्स लावलं. इन्स्टॉल झालं, पण सर्व्ह चालवल्यावर "डिजिटल एन्व्हलप रूटीन्स::अनसपोर्टेड". त्यावर नोड_ऑप्शन्स (नोडला ऑप्शन देणारं एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल) मध्ये --ओपनएसएसएल-लेगसी-प्रोव्हायडर टाकलं. ती एरर गेली, आणि आता प्रत्येक एससीएसएस फाईलवर "टाइपएरर: धिस.गेटऑप्शन्स इज नॉट अ फंक्शन".

भरीला माझ्या सहकाऱ्याकडे नोड १६ आहे. त्याने माझी ब्रँच घेतली तर त्याच्याकडे नोड सुरूच होत नाही. हा ऑप्शन नोड_ऑप्शन्स मध्ये चालत नाही म्हणून सांगतो.

सगळं उडवून नवी लॉकफाईल (पॅकेज-लॉक.जेसन) बनवू का? की थेट वीटवर, म्हणजे वेबपॅकच्या जागी येणाऱ्या नव्या बिल्ड साधनावर, जाऊ? आणि मुळात यातलं आधी काय हातात घ्यायचं तेच कळत नाहीये.

निळीशाई

नोड_मॉड्यूल्स आणि पॅकेज-लॉक.जेसन दोन्ही डिलीट करा, एनपीएम कॅश क्लीन करा आणि एनपीएम इन्स्टॉल --फोर्स मारा. माझं बऱ्याचदा याने सुटलंय.

सुतारपक्षी

निळीशाई, नोड_मॉड्यूल्स उडवायला माझी हरकत नाही, ते कधीही परत बनतं. पण पाऊलवाट, लॉकफाईलला कृपया हात लावू नका. कारण सांगतो.

तुमच्या पॅकेज.जेसन मध्ये बहुतेक आवृत्त्यांपुढे कॅरेट (^) असेल. ^४.५.० चा अर्थ ५.०.० च्या आतलं काहीही चालेल. तुम्ही थेट मागवलेली पॅकेजेस चाळीस-पन्नास असतील, पण ती स्वतःसाठी जी मागवतात ती धरून व्ह्यू सीएलआयच्या प्रोजेक्टमध्ये हजाराच्या घरात सहज जातात. त्या प्रत्येकाची नेमकी कोणती आवृत्ती एकत्र चालत होती याची एकमेव नोंद म्हणजे ती लॉकफाईल. ती काढली की शेकडो पॅकेजेस एकाच दमात पुढे सरकतात. मग उद्या काही मोडलं तर ते तुमच्या बदलाने मोडलं की कुठल्याशा पॅकेजच्या नव्या आवृत्तीने, हे शोधायला कुठे बघणार? लिहिणारी माणसं टीममध्ये नसताना तर ही नोंद जपायलाच हवी.

आता मूळ प्रश्न. तुम्ही नोड-सास, ई-रिझॉल्व्ह आणि डिजिटल एन्व्हलप या तीन एररकडे एकाच दुखण्याची तीन लक्षणं म्हणून बघताय. ती तीन वेगळी दुखणी आहेत, आणि नोड १४ वरून २० वर एका उडीत गेल्यामुळे एकदम समोर आलीत. त्या एका उडीत तुमच्या पायाखाली तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, नोडची आतली बायनरी जोडणी. नोड-सास हे सी++ मधलं पॅकेज आहे, ते नोडच्या ठरावीक मॉड्यूल-आवृत्तीसाठी बांधलेलं असतं. नोड १४ चा हा क्रमांक ८३, नोड २० चा ११५. नोड-सास ४.१४ ला ११५ साठी तयार बायनरी मिळत नाही, म्हणून ते तुमच्याच मशीनवर कंपाइल करायला जातं आणि तिथे कोसळतं. पायथन टाकून, कंपायलर टाकून यातून मार्ग निघत नाही. नोड-सास सोडण्याचा तुमचा निर्णय अगदी योग्य.

दुसरी, एनपीएम. नोड १४ सोबत एनपीएम ६ यायचं. ते पीअर डिपेंडन्सी (सोबत अमुक पॅकेजची अमुक आवृत्ती हवी, अशी पॅकेजची अट) जुळत नसेल तर एक पिवळी सूचना छापून पुढे जायचं. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या एनपीएम ७ पासून पीअर आपोआप इन्स्टॉल होतात आणि जुळलं नाही तर काम थांबतं. नोड २० सोबत एनपीएम ९ किंवा १० असतं. त्यामुळे जे विसंवाद या प्रोजेक्टमध्ये आधीपासून पडून होते, तेही आता पहिल्यांदा दिसतील.

तिसरी, ओपनएसएसएल, म्हणजे नोडच्या आतली एन्क्रिप्शनची लायब्ररी. नोड १७ पासून ओपनएसएसएल ३ आहे, आणि त्यात एमडी४ हा जुना हॅश (मजकुरावरून छोटी ओळख-खूण काढायची रीत) नेहमीच्या सेटमधून बाहेर काढलाय. वेबपॅक ४ आपल्या मॉड्यूल आणि चंकची ओळख पटवायला एमडी४ च वापरतं. वेबपॅकच्या आउटपुट.हॅशफंक्शन मध्ये दुसरा हॅश लिहून बघू नका, वेबपॅक ४ मध्ये काही ठिकाणी एमडी४ थेट कोडमध्ये लिहिलेलं आहे, तिथे ती सेटिंग पोचत नाही. आणि तुमच्या सहकाऱ्याचं कोडंही इथेच सुटतं: --ओपनएसएसएल-लेगसी-प्रोव्हायडर हा ऑप्शन नोड १७ पासूनचा. नोड १६ ला तो माहीतच नाही, म्हणून ते सुरू व्हायलाच नकार देतं.

मग "गेटऑप्शन्स" कुठून आलं? ते या तिन्हींतलं नाही. ते --लेगसी-पीअर-डेप्स मुळे आलं. म्हणून त्या ई-रिझॉल्व्हकडे परत जाऊ या, कारण उत्तर तिथेच लिहिलेलं होतं.

ई-रिझॉल्व्ह वाचायची एक रीत आहे. लांबलचक दिसतं, पण कामाचे भाग तीनच. "फाउंड" खाली जे आहे ते आत्ता तुमच्या झाडात बसलेलं आहे, आणि त्याखाली ते कुणी आणलं ते. "कुड नॉट रिझॉल्व्ह डिपेंडन्सी" खाली नव्याने आलेला पाहुणा काय मागतोय ते. आणि असलंच तर "कॉन्फ्लिक्टिंग पीअर डिपेंडन्सी" खाली, त्याची मागणी पुरी करायची तर काय बसवावं लागेल ते. तुमच्या बाबतीत मी न बघता सांगतो: फाउंडमध्ये वेबपॅक ४.४६ असणार, आणलेलं व्ह्यू सीएलआयच्या प्लगिननी. आणि मागणी असणार वेबपॅक ^५.०.०, मागणारं सास-लोडर. तुम्ही आवृत्ती न लिहिता सास-लोडर मागवलंत, म्हणून सगळ्यात नवं आलं. सास-लोडर ११ पासून किमान वेबपॅक ५ लागतं. गेटऑप्शन्स हे फंक्शन वेबपॅक ५ लोडरला पुरवतं, वेबपॅक ४ पुरवत नाही. एनपीएमने तुम्हाला इन्स्टॉलच्या वेळीच हे सांगितलं होतं, फ्लॅगने त्याला गप्प केलं, आणि तेच म्हणणं नंतर अगम्य भाषेत परत आलं.

मला या फ्लॅगबद्दल तळमळीने सांगावंसं वाटतं, कारण कितीतरी चांगले प्रोजेक्ट याने सडताना पाहिलेत. तो फ्लॅग तुमच्यापुढचा एक विसंवाद सोडवत नाही, तो सगळ्या पीअर डिपेंडन्सी बघणंच बंद करतो. आजचा, उद्याचा, तुम्हाला माहीत नसलेलाही. --फोर्स थोडं वेगळं आहे, ते पीअर बघतं पण जुळलं नाही तरी रेटून नेतं. दोन्हींचा शेवट एकच. आणि आत्ताच रिपोच्या मुळाशी .एनपीएमआरसी नावाची फाईल आहे का बघा. त्यात लेगसी-पीअर-डेप्स=ट्रू अशी ओळ कुणी टाकून ठेवली असेल तर तुम्ही फ्लॅग न लावताही तो लागतोय.

आता काम कसं करायचं. मी असा जातो.

तुमची ब्रँच बाजूला ठेवा आणि मूळ कमिटवर परत या. नोड १४ परत टाका, एनव्हीएम (नोडच्या आवृत्त्या बदलणारं साधन) असेल तर सोपं आहे. एनपीएम इन्स्टॉल नको, एनपीएम सीआय चालवा. ते नोड_मॉड्यूल्स पुसून लॉकफाईलमध्ये जे आहे तेच अचूक बसवतं, आणि पॅकेज.जेसनशी ते जुळत नसेल तर थांबतं. मग बिल्ड करा आणि तयार झालेलं डिस्ट फोल्डर कुठेतरी नीट जपून ठेवा. पुढे प्रत्येक पायरीला त्याच्याशी ताडून बघायचंय. हे बिल्ड झालंच नाही तर पुढचं काही करू नका, आधी इथे परत लिहा.

नोड १४ वरच राहून फक्त सास बदला:

एनपीएम अनइन्स्टॉल नोड-सास
एनपीएम इन्स्टॉल -डी सास@~१.३२.० सास-लोडर@^१०

सास-लोडर १० ला वेबपॅक ४ आणि ५ दोन्ही चालतात, म्हणून पुलासारखी तीच आवृत्ती घ्यायची. सास १.३२ का, तर १.३३ पासून तिरप्या रेषेने केलेल्या भागाकारावर सूचना यायला लागतात, आणि जुन्या एससीएसएसमध्ये तो भागाकार जागोजागी असतो. त्या सूचना बरोबरच आहेत, मॅथ.डिव्ह कडे जायला हवंच, पण आज त्या शेकडो ओळींत तुमची खरी एरर हरवेल. टिल्ड (~) लावल्याने आवृत्ती १.३२ च्या आतच राहते.

इथे दोन गोष्टी नक्की अडतील. व्ह्यू.कॉन्फिग.जेएस मध्ये तुमची व्हेरिएबल्सची फाईल सगळीकडे पोचवण्यासाठी प्रिपेंडडेटा लिहिलेलं असेल. ते नाव सास-लोडर ८ चं. ९ पासून ते अ‍ॅडिशनलडेटा झालं. आणि कंपोनंटच्या स्कोप्ड स्टाईलमध्ये /डीप/ असेल तर सास "एक्स्पेक्टेड सिलेक्टर" म्हणून थांबेल. नोड-सास ते चालवून घ्यायचं, सास घेत नाही. सगळीकडे ::व्ही-डीप करा. मग बिल्ड करून सीएसएस जुन्या डिस्टशी ताडा. काही आकड्यांत दशांशानंतरचे अंक वाढलेले दिसतील, ते ठीक. एखादा सिलेक्टरच गायब असेल तर तिथे थांबून बघा. कमिट करा.

मग नोड १६. हा मुक्कामाचा टप्पा नाही, त्याचा सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच संपलाय, सर्व्हरवर तो नेऊ नका. पण तुमच्या मशीनवर तो फार उपयोगी आहे: एनपीएम नवं आहे आणि ओपनएसएसएल अजून जुनं १.१.१. म्हणजे पीअरचे वाद एकटे भेटतात, एमडी४ मध्ये लुडबुड करत नाही. पहिल्या इन्स्टॉलला "ओल्ड लॉकफाईल" अशी सूचना येईल आणि लॉकफाईलची रचना आवृत्ती १ वरून २ वर जाईल. फरक हजारो ओळींचा दिसेल, घाबरू नका, पण त्या कमिटमध्ये दुसरं काहीही ठेवू नका. जे ई-रिझॉल्व्ह येतील ते एकेक करून, फ्लॅग न लावता. कुठलंही पॅकेज टाकण्याआधी त्याला विचारा:

एनपीएम इन्फो सास-लोडर@१० पीअरडिपेंडन्सीज

आणि झाडात एखादी गोष्ट कुणी आणली ते बघायला:

एनपीएम एलएस वेबपॅक
एनपीएम एक्स्प्लेन वेबपॅक

पहिल्याच्या उत्तरात वेबपॅकच्या दोन वेगळ्या आवृत्त्या दिसल्या तर तिथेच थांबा. एका वेबपॅकसाठी लिहिलेलं प्लगिन दुसऱ्या वेबपॅकच्या हाती लागलं की येणाऱ्या एरर वाचून कुणालाही काही कळत नाही.

त्यानंतर व्ह्यू २.७ आणि व्ह्यू सीएलआय ५, म्हणजे वेबपॅक ५. इथे व्ह्यू अपग्रेड ही कमांड बरंच काम करते. व्ह्यू २.७ वर गेल्यावर आणि व्ह्यू-लोडर १५.१० किंवा पुढचं असल्यावर व्ह्यू-टेम्प्लेट-कंपायलर काढता येतं. टेस्ट-युटिल्स (व्ह्यूच्या चाचण्यांची लायब्ररी) वापरत असाल तर मात्र ठेवावं लागू शकतं, आणि ठेवलंत तर त्याची आणि व्ह्यूची आवृत्ती शेवटच्या अंकापर्यंत सारखी हवी.

सगळ्यात शेवटी नोड २०. वेबपॅक ५.६१ पासून एमडी४ ची स्वतःची वेबअसेंब्लीतली अंमलबजावणी वेबपॅकमध्येच आहे, ओपनएसएसएलला विचारावंच लागत नाही. एनपीएम एलएस मध्ये वेबपॅक त्याच्या पुढचं दिसलं की नोड_ऑप्शन्स ची ती ओळ काढून टाका.

प्रत्येक पायरीला एक कमिट आणि डिस्टशी ताडणी. वेळ जास्त लागतो असं वाटेल. पण कुठे मोडलं हे शोधायला गिट बायसेक्ट हाताशी राहतो, आणि एकदम सगळं बदललं असेल तर तोही काही सांगू शकत नाही.

उंबरठा

सुतारपक्षींचा क्रम चांगला आहे, पण मी वेगळा विचार मांडतो. व्ह्यू सीएलआय आता फक्त देखभालीवर आहे, नवं काही येणार नाही. व्ह्यू २ चा सपोर्टही ३१ डिसेंबर २०२३ ला संपला. मग सीएलआय ५ वर घाम गाळायचा कशाला? व्ह्यू २.७ साठी वीटचं अधिकृत प्लगिन आहे, @वीटजेएस/प्लगिन-व्ह्यू२. वेबपॅक गेलं की लोडर गेले, लोडर गेले की हा सगळा वाद गेला. वीटला एससीएसएससाठी लोडर लागतच नाही, सास पॅकेज असलं की पुरे. शेवटी जायचं तिथेच आहे.

सुतारपक्षी

उंबरठा, शेवटी जायचं तिथेच, हे पटतं. मतभेद फक्त आज की उद्या एवढाच.

वीटवर जाताना नुसतं साधन बदलत नाही, कोडही बदलतो. रिक्वायर.कॉन्टेक्स्ट जिथे जिथे असेल तिथे इम्पोर्ट.मेटा.ग्लॉब. प्रोसेस.ईएनव्ही.व्ह्यू_अ‍ॅप_ ने सुरू होणारी सगळी व्हेरिएबल्स इम्पोर्ट.मेटा.ईएनव्ही.वीट_ वर. इम्पोर्टमध्ये .व्ह्यू हे एक्स्टेन्शन न लिहिण्याची सवय वेबपॅकने लावलेली असते, वीटमध्ये ते प्रत्येक ठिकाणी लिहावं लागतं. इंडेक्स.एचटीएमएल पब्लिकमधून मुळाशी येतं. आणि कॉमनजेएसमध्ये लिहिलेली जुनी पॅकेजेस डेव्हलपमेंटमध्ये चालतात, प्रॉडक्शन बिल्डमध्ये वेगळं वागतात, असंही होतं, कारण वीट ७ पर्यंत दोन्हीकडे बांधणी वेगळ्या साधनाने होते. ज्याला कोड पाठ आहे त्याने हे जरूर करावं. पाऊलवाट यांना प्रोजेक्ट नुकताच मिळालाय आणि सर्व्हरची तारीख डोक्यावर आहे. आधी नोड २० वर स्थिर उभं राहू द्या. सास बदलणं आणि २.७ वर जाणं ही दोन्ही कामं वीटसाठीही लागणारच होती, ती वाया जात नाहीत.

खरोखर वेळच नसेल, म्हणजे उद्याच सर्व्हर बदलणार असेल, तर एक मधला मार्ग आहे: सास-लोडर १०, वेबपॅक ४ तसंच, आणि बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये ओपनएसएसएलचा तो ऑप्शन. विंडोजवर कुणी असेल तर क्रॉस-एन्व्ह (असं व्हेरिएबल सगळ्या सिस्टिमवर सारखं देणारं पॅकेज) मधून द्या. पण हा ऑप्शन केव्हा काढायचा ते त्याच दिवशी ठरवून कामाच्या यादीत लिहा.

उंबरठा

मान्य. एक सूचना, पुढे वीटकडे जाल तेव्हा वीट ७ ला नोड २०.१९ किंवा २२.१२ च्या पुढचं लागतं. सर्व्हरवर नुसतं "२०" असं न टाकता नेमकी आवृत्ती विचारून घ्या.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. सुतारपक्षी, तुमच्या क्रमाने गेले. मूळ कमिट नोड १४ वर एनपीएम सीआय ने पहिल्या झटक्यात बिल्ड झालं, तिथेच जीव भांड्यात पडला. सास बदलताना प्रिपेंडडेटा आणि /डीप/ दोन्ही अगदी सांगितल्यासारखे आडवे आले. सीएसएस ताडून बघितलं, दशांशांशिवाय काही फरक नाही. नोड १६ झालं. सीएलआय ५ वर आले.

.एनपीएमआरसी मध्ये ती ओळ होतीच, फ्लॅग लावताना मीच टाकलेली! काढली. आता तीन गोष्टी अडल्यात.

एक, तक्त्यांसाठी वापरलेलं एक जुनं कंपोनंट-पॅकेज पीअरमध्ये व्ह्यू ~२.६.० मागतं, त्यामुळे २.७ बरोबर ई-रिझॉल्व्ह. ते पॅकेज कुणी सांभाळत नाही आणि पॅनेलचे निम्मे पडदे त्यावर उभे आहेत.

दोन, बिल्डमध्ये "ब्रेकिंग चेंज: वेबपॅक < ५ यूज्ड टू इन्क्लूड पॉलिफिल्स" असं येतं, एकदा पाथसाठी आणि एकदा क्रिप्टोसाठी.

तीन, ईएसलिंटचं (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन) प्लगिनही ई-रिझॉल्व्ह देतंय, आमच्याकडे ईएसलिंट ६ आहे.

पहिल्यासाठी तरी फ्लॅग लावावाच लागेल ना? दुसरा मार्ग दिसत नाही.

सुतारपक्षी

छान काम केलंत. फ्लॅग पहिल्यासाठीही नको. ही जागा ओव्हरराइड्सची आहे. पॅकेज.जेसन मध्ये असं लिहा:

"ओव्हरराइड्स": {
  "त्या-पॅकेजचं-नाव": {
    "व्ह्यू": "$व्ह्यू"
  }
}

डॉलरचा अर्थ, माझ्या प्रोजेक्टने व्ह्यूची जी आवृत्ती थेट मागितली आहे तीच याला द्या. फ्लॅग सगळे पहारे उठवतो, हे एकाच पॅकेजपुरतं एकच बंधन सैल करतं, आणि ते रिपोमध्ये सगळ्यांना दिसतं. जेसनमध्ये कॉमेंट लिहिता येत नाही, म्हणून कारण कमिट मेसेजमध्ये आणि रीडमीमध्ये लिहा: कुठलं पॅकेज, का, आणि तुम्ही काय तपासून खात्री केलीत. ओव्हरराइड म्हणजे "हे चालतं" असं तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर म्हणताय, त्यामुळे ते तक्ते खरोखर उघडून बघा. सॉर्टिंग, पानं बदलणं, स्लॉटमधली बटणं. व्ह्यू २.७ मध्ये २.६ च्या कोडला धक्का लावणारं फारसं नाही, पण बघितल्याशिवाय सही करू नये.

दोन सूचना. ओव्हरराइड्स एनपीएम ८.३ पासून कळतं. त्याआधीचं एनपीएम ते मुकाट्याने दुर्लक्षित करतं, काही बोलतही नाही. म्हणून पॅकेज.जेसनच्या एंजिन्समध्ये नोड आणि एनपीएमची किमान आवृत्ती लिहा, आणि .एनपीएमआरसी मध्ये, जिथून ती जुनी ओळ काढलीत तिथेच, एंजिन-स्ट्रिक्ट=ट्रू टाका. नुसतं एंजिन्स लिहिलं तर फक्त सूचना येते, याने इन्स्टॉल थांबतं. तुमच्या सहकाऱ्याच्या नोड १६ चा घोळही मग पहिल्याच पायरीला स्पष्ट शब्दांत कळेल.

दुसरं, ओव्हरराइड टाकल्यावर एनपीएम एलएस व्ह्यू चालवा. एकच आवृत्ती दिसायला हवी, त्या पॅकेजखाली "ओव्हररिडन" असं लिहिलेलं. व्ह्यूच्या दोन प्रती झाडात राहिल्या तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये "$अ‍ॅट्र्स इज रीडओन्ली", "$लिसनर्स इज रीडओन्ली" अशा सूचना येतात आणि लोक आपल्या कंपोनंटमध्ये चूक शोधत बसतात. चूक तिथे नसते.

पॉलिफिलचं. वेबपॅक ४ नोडची मॉड्यूल्स ब्राउझरसाठी गुपचूप भरून द्यायचं, ५ देत नाही. एररमध्ये कुठल्या फाईलने मागितलं ते लिहिलेलं असतं, ते आधी बघा. तुमच्याच कोडमध्ये दोन तुकडे जोडायला पाथ.जॉइन वापरलं असेल तर ती ओळच बदला, त्यासाठी लायब्ररी नको. एखाद्या पॅकेजला खरंच लागत असेल तर रिझॉल्व्ह.फॉलबॅक मध्ये पाथ साठी पाथ-ब्राउझरिफाय द्या. क्रिप्टोचं बहुतेक वेळा असं असतं की पॅकेज नोडमध्ये असेल तर ते वापरतं आणि ब्राउझरमध्ये त्या वाटेला जातच नाही. तसं असेल तर फॉलबॅकमध्ये क्रिप्टो: फॉल्स पुरतं. पण तो भाग ब्राउझरमध्ये चालतो की नाही हे त्या पॅकेजचा कोड उघडून बघा, अंदाजाने फॉल्स लिहू नका. सगळी पॉलिफिल्स एकदम घालणारी प्लगिन्स मिळतात. त्यांनी एरर जाते आणि वापरणाऱ्याला नको असलेला मोठा बंडल डाउनलोड करावा लागतो, म्हणून मी ती टाळतो.

ईएसलिंट सरळ आहे. सीएलआय ५ च्या प्लगिनला ईएसलिंट ७.५ किंवा पुढचं लागतं. ७ वर जा, त्याच वेळी बेबेल-ईएसलिंट काढून @बेबेल/ईएसलिंट-पार्सर टाका आणि कॉन्फिगमध्ये पार्सरचं नाव बदला. ८ चा मोह आज नको. नवे नियम लागून शंभर फाईलींत लाल रेघा आल्या तर त्या वेगळ्या कमिटमध्ये निस्तरता येतील.

वेबपॅकच्या सेटिंगबद्दल शंका आली तर व्ह्यू-सीएलआय-सर्व्हिस इन्स्पेक्ट चालवा. सीएलआयने आत खरोखर काय बांधलंय ते पूर्ण छापून देतं. व्ह्यू.कॉन्फिग.जेएस मध्ये आपण लिहिलेलं आणि प्रत्यक्षात लागलेलं यात फरक आहे का, हे तिथेच कळतं.

निळीशाई

मला एक विचारायचंय. बिल्ड सर्व्हरवर आमच्याकडे एनपीएम इन्स्टॉलच चालतं. सीआय केलं तर काही दुष्परिणाम?

सुतारपक्षी

चांगलाच परिणाम होईल. लॉकफाईल कमिट केलेली हवी आणि पॅकेज.जेसनशी जुळती हवी, नाहीतर ते थांबेल, आणि तेच हवंय. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही साधनं प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळी बायनरी ऑप्शनल डिपेंडन्सी म्हणून आणतात. रोलअप ४ (वेबपॅकसारखंच बंडल बनवणारं) तसंच आहे, आणि वीट ५ ते ७ मध्ये तेच असतं. एनपीएममधल्या एका जुन्या दोषामुळे कधीकधी मॅकवर बनवलेल्या लॉकफाईलमध्ये लिनक्सची बायनरी नोंदलीच जात नाही, आणि सर्व्हरवर "कॅनॉट फाइंड मॉड्यूल @रोलअप/रोलअप-लिनक्स-एक्स६४-ग्नू" येतं. त्या एररमध्येच लॉकफाईल आणि नोड_मॉड्यूल्स काढून परत इन्स्टॉल करा असं सुचवलेलं असतं. मी आधी त्या लॉकफाईलमध्ये लिनक्सच्या पॅकेजची नोंद आहे का ते शोधतो. नसेल तर लिनक्सच्याच कंटेनरमध्ये रोलअप परत इन्स्टॉल करून ती नोंद आणतो. बाकीची लॉकफाईल जशी होती तशी राहते.

पाऊलवाट

ओव्हरराइड लागलं, एनपीएम एलएस मध्ये व्ह्यू एकच. तक्त्यांचे सगळे पडदे उघडून बघितले, चालतायत. पाथ आमच्याच एका मदतनीस फाईलमध्ये होतं, ती ओळ बदलली. क्रिप्टो एका एन्कोडिंगच्या पॅकेजमधून येत होतं. कोड उघडला तर ब्राउझरसाठी वेगळी वाट आहे, म्हणून फॉल्स दिलं. ईएसलिंट ७ झालं.

नोड २० वर, कुठलाही फ्लॅग न लावता, बिल्ड सर्व्हरवर हिरवं आलंय. भागाकाराचं आणि सास १.३२ च्या पुढे जाण्याचं काम वेगळ्या ब्रँचवर घेतेय. तिथे अडले तर नवा धागा काढेन, हा आधीच लांबलाय.